आधी बरं होतं, की आता?

चष्म्याच्या दुकानातली मागची खोली. लांबी जेमतेम दहा फूट, म्हणून तक्ता आपल्या डोक्याच्या मागे टांगलेला आणि समोर आरसा. तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली असतात. आरशात ती सुलट होतात आणि दहा फुटांची खोली वीस फुटांची होते. नाकावर ती जड, गोल, आकडे कोरलेली फ्रेम. तपासणारा एक काच घालतो, फिरवतो आणि विचारतो, “हे बरं, की हे?”

“परत दाखवा.”

“हे... की हे?”

तिसऱ्यांदा विचारलं की घाम फुटतो. उत्तर चुकलं तर वर्षभर चुकीचा चष्मा घालून फिरायचं! बाहेर पाटीवर तर ‘कॉम्प्युटरने नेत्रतपासणी’ असं लिहिलेलं असतं, आणि दोन मिनिटांपूर्वी यंत्राने आकड्यांची चिठ्ठीही दिलेली असते. मग पुन्हा आपल्याला का छळायचं? कारण प्रकाश डोळ्यात कुठे जमतो ते यंत्र सांगतं. बरं कशाने दिसतं, ते डोळ्याच्या मालकालाच विचारावं लागतं. नंबर काढण्याचा इतिहास म्हणजे खरं तर हा प्रश्न नीट विचारता येण्याचा इतिहास आहे, आणि त्याला जवळजवळ तीन शतकं लागली.

१६२३ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल शहरात बेनितो दासा दे वाल्देस नावाच्या माणसाने चष्म्यांवर पुस्तक लिहिलं. हा वैद्य नव्हे, धर्मन्यायालयातला लेखनिक. काचांना अंशांत नंबर द्यावेत, म्हणजे दूरगावच्या माणसालाही कागदावर आकडा लिहून चष्मा मागवता येईल, हा त्याचा हिशेब. नजर जोखायला मोहरीचे दाणे ओळीत मांडून मोजायला लावायची युक्तीही त्यात आहे. पण हे सगळं गोल नंबरापुरतं: जवळचं की लांबचं, कमी की जास्त. चाळिशीचा चष्मा आजही रस्त्यावर नुसतं वय विचारून विकता येतो. खरी गोची सिलिंडरच्या नंबराची.

चमच्याची पाठ पाहा. लांबीच्या बाजूने ती कमी वळलेली, रुंदीच्या बाजूने जास्त. डोळ्याची पुढची काच किंवा आतलं भिंग असं असेल, तर उभे किरण एका जागी जमतात आणि आडवे दुसऱ्याच. हे पहिल्यांदा मोजलं इंग्लंडच्या थॉमस यंगने, स्वतःच्याच डोळ्यात. त्याचा निबंध १८०१ साली छापला गेला. त्याच्याजवळ सुधारून घेतलेला ऑप्टोमीटर होता. कार्डाला अगदी जवळजवळ दोन बारीक फटी पाडून त्यांतून पट्टीवरच्या लांब रेषेकडे पाहिलं, तर एका रेषेच्या दोन दिसतात आणि एका ठिकाणी त्या एकमेकींना छेदतात. तो छेद जिथे, तिथलं डोळ्याला स्पष्ट दिसतं. यंगने उपकरण उभं-आडवं धरून पाहिलं तर छेद सरकला: एका दिशेत १० इंचांवर, दुसऱ्या दिशेत ७ इंचांवर. आजच्या भाषेत सुमारे पावणेदोन नंबर. दोष बाहेरच्या काचेचा की आतल्या भिंगाचा, हे ठरवायला त्याने डोळा चक्क पाण्यात बुडवला. पाण्यात बाहेरच्या काचेची ताकद मावळते, तरी फरक कायम राहिला. म्हणजे दोष आतला.

पुढची गोष्ट मला सगळ्यात गमतीची वाटते. यंगने हे केरी नावाच्या चष्मेवाल्याला सांगितलं. केरीला त्यात नवल वाटलं नाही. पुष्कळ गिऱ्हाइकं काच तिरकी धरल्याशिवाय नीट दिसत नाही म्हणतात, हे त्याच्या कधीच लक्षात आलं होतं. विज्ञानाला नुकतं कळलेलं दुकानदाराला गल्ल्यावर बसून ठाऊक होतं! आणि यंग? या दोषाचा आपल्याला कधी त्रास झाला नाही, असं लिहून तो मोकळा झाला. चष्मा त्याने केलाच नाही.

तो केला जॉर्ज बिडेल एअरीने. यंगचा निबंध छापला गेला त्याच वर्षी हा जन्मला. १८२५ च्या सुमारास केंब्रिजमधल्या या तरुण गणितज्ञाच्या लक्षात आलं की वाचताना आपला डावा डोळा काही कामच करत नाही. त्याने कार्डाला टाचणीने भोक पाडलं, मागे उजेड धरला आणि कार्ड पुढे-मागे सरकवलं. ६ इंचांवर तो ठिपका तिरकी रेघ झाला. साडेतीन इंचांवर पुन्हा रेघ, पण पहिलीशी काटकोनात. मधे कुठेच ठिपक्याचा ठिपका नाही. या दोन आकड्यांवरून त्याने काच गणिताने काढली, एका बाजूने खोलगट गोल आणि दुसऱ्या बाजूने खोलगट दंडगोल, आणि इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराकडून घासून घेतली. डावा डोळा कामाला लागला. दोषाला ‘अस्टिग्मॅटिझम’ हे नाव दिलं त्याच्या स्नेह्याने, विल्यम ह्यूवेलने: ज्यात बिंदूचा बिंदू राहत नाही, ते.

पण यंग काय, एअरी काय, रुग्ण आणि शास्त्रज्ञ एकच माणूस. कार्ड सरकवत इंच नोंदणं भाजीवालीला किंवा शाळेतल्या पोराला कसं जमावं? हॉलंडमधल्या उट्रेख्टमध्ये नेत्रवैद्य फ्रान्स डोंडर्सने १८६० च्या दशकात दाखवून दिलं की हा दोष विरळा नाही, घरोघरी आहे. तिथेच हर्मन स्नेलेनने १८६२ मध्ये तो प्रसिद्ध अक्षरांचा तक्ता काढला. सहा मीटरवरून वाचायचं सहा बाय सहाचं अक्षर पावणेनऊ मिलिमीटरही उंच नसतं. मग घड्याळाच्या काट्यांसारख्या रेषांचे पंखे आले: यातली कुठली रेघ जास्त काळी? १८७२ मध्ये मोनोये या फ्रेंच नेत्रवैद्याने ‘डायॉप्टर’ हे माप सुचवलं आणि पॅरिसचा इंच वेगळा, लंडनचा वेगळा ही कटकट हळूहळू संपली. पंख्याचा प्रश्न सोपा वाटतो, पण बारा रेषांतून एक निवडायची म्हणजे माणूस गांगरतो.

त्यावर तोड काढली एडवर्ड जॅक्सन या अमेरिकन नेत्रवैद्याने. १८४९ मध्ये स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन दंडगोल काचांचं भिंग केलं होतं. जॅक्सनने त्याच जातीची, दांड्याची एक छोटी काच हातात घेतली. तिच्यात एका दिशेला जितकी अधिक ताकद, काटकोनात तितकीच उणे. दांडा दोन्हींच्या बरोबर मधे, ४५ अंशांवर. बोटांत दांडा गर्रकन उलटला की अधिकची जागा उणे घेते. १८८७ मध्ये त्याने ही काच नंबराची ताकद तपासायला सांगितली आणि १९०७ मध्ये तिची दिशा ठरवायला. दिशेला कमी लेखू नका: सिलिंडर ३० अंशांनी चुकीचा बसला तर मूळ नंबराइतकाच दोष शिल्लक उरतो, चष्मा घालून न घातल्यासारखा.

आता त्या मागच्या खोलीत परत या. दांडा चष्म्यातल्या सिलिंडरच्या रेषेवर धरून काच उलटतात. एका बाजूने जास्त बरं दिसलं तर रेषा तिकडे थोडी सरकवायची, पुन्हा उलटायची. अक्षरं दोन्ही वेळा जराशी धूसरच असतात, कारण काच मुद्दाम दोन्हीकडून बिघाड करते. बिघाड दोन्हीकडून सारखा झाला, की रेषा बरोबर बसली. तपासणारा इतका वेळ त्याच एका उत्तराची वाट पाहत असतो.

तेव्हा पुढच्या खेपेला “हे बरं, की हे?” असं विचारल्यावर फरक कळला नाही, तर ओशाळून अंदाजाने एक ठोकून देऊ नका. “दोन्ही सारखंच दिसतंय,” असं स्पष्ट सांगा.