मोटारघरातून विदेशप्रवास : वीजजोडणीची माहिती

बंगळूरच्या महादेवपुरा भागातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या सर्व्हर-कक्षांत निळ्या रंगाचा, जाड गोल पिनांचा प्लग आढळतो. युरोपात मोटारघरास, म्हणजेच मोटारहोमला, कॅम्पिंग तळावरील खांबातून वीज देणारा प्लग त्याच जातीचा असतो. आयईसी ६०३०९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार निळा रंग २०० ते २५० व्होल्टचा निदर्शक आहे. सर्व्हरसाठी बहुधा ३२ अँपिअरचा, तर मोटारघरासाठी १६ अँपिअरचा प्लग वापरला जातो. आकार भिन्न असल्याने एकाच्या सॉकेटमध्ये दुसरा बसत नाही.

युरोपातील वीज भारताप्रमाणेच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे प्लगचा अ‍ॅडॅप्टर जोडला की घरून नेलेला मिक्सर तेथे चालतो. अडचण येते ती अँपिअरची. तळावरील जोडणी कोठे १६, कोठे १०, तर कोठे केवळ ६ अँपिअरची असते. ६ अँपिअर म्हणजे सुमारे १,३८० वॉट. त्यावर २,००० वॉटची इंडक्शन शेगडी लावल्यास खांबावरील एमसीबी पडते आणि तळाचे कार्यालय बंद झाले असल्यास रात्र अंधारात काढण्याची वेळ येते. भाताचा कुकर गॅसवर ठेवणेच अशा ठिकाणी शहाणपणाचे.

जुन्या तळांवर निळ्या सॉकेटऐवजी घरगुती सॉकेट असते व अ‍ॅडॅप्टर लागतो. जर्मन पद्धतीचा घरगुती प्लग दोन्ही बाजूंनी बसतो. परिणामी फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल होऊ शकते. उपकरणे चालतात, म्हणून दोष लक्षात येत नाही. मात्र वाहनातील बटण एकच तार तोडणारे असल्यास, ते बंद केल्यावरही उपकरणात वीज शिल्लक राहते. दोन्ही तारा तोडणारी एमसीबी असलेल्या वाहनात हा धोका बराच कमी होतो. अर्थिंग नसणे त्याहून घातक होय. सॉकेटमध्ये खोचावयाचा लहान टेस्टर अदलाबदल व अर्थिंगचा अभाव दाखवितो. अर्थिंग किती चांगले आहे, हे मात्र तो सांगू शकत नाही.

केबल तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटर जाडीची आणि साधारणपणे २५ मीटरपर्यंत असावी. ती रिळावर गुंडाळलेली ठेवून जास्त भार दिल्यास तापते व वितळू शकते. म्हणून थोडीच लांबी लागत असली तरी पूर्ण उलगडावी. जोडताना प्रथम वाहनाचे टोक, नंतर खांबाचे. काढताना प्रथम खांबाचे.

अमेरिकेत हे गणित बदलते. तेथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज असून तळांवर ३० व ५० अँपिअरची, वेगळ्या आकाराची सॉकेट असतात. बंगळूरहून नेलेली शेगडी वा मिक्सर तेथे नीट चालत नाही. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज वाढते, हर्ट्झ बदलत नाही. १०० ते २४० व्होल्ट असे छापलेला मोबाइलचा चार्जर मात्र साध्या अ‍ॅडॅप्टरवर दोन्हीकडे चालतो.