घरखरेदीला इंटरनेटची जोड. मालकीची पडताळणी मात्र आवश्यक

घराच्या खरेदी-विक्रीसाठी वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिराती आणि परिसरातील दलाल हीच माहितीची प्रमुख साधने अनेक वर्षे होती. इंटरनेटमुळे हे चित्र पालटले आहे. 2005 मध्ये नाइन्टीनाइन एकर्स आणि 2006 मध्ये मॅजिकब्रिक्स ही संकेतस्थळे सुरू झाली. दलालांना वगळून मालक आणि ग्राहक यांची थेट गाठ घालून देणारे नोब्रोकर 2014 मध्ये बंगळूरु इथे सुरू झाले.

छत्तीसगडमध्ये भिलाई इथल्या खुर्सीपारसारख्या कामगारवस्तीतील घराची जाहिरात आता पुण्यात किंवा नागपुरात बसूनही पाहता येते. नोकरीनिमित्त बाहेरगावी स्थायिक झालेल्या वारसांची त्यामुळे सोय झाली आहे. मात्र छायाचित्र आणि किंमत यांवरून मालकी सिद्ध होत नाही. भिलाईसारख्या औद्योगिक शहरात कारखान्याची निवासस्थाने, सरकारी पट्ट्यावरील घरे आणि खासगी भूखंडांवरील घरे असे निरनिराळे प्रकार आढळतात आणि ती विकण्याचे अधिकारही वेगवेगळे असतात. जाहिरातीत सगळी घरे सारखीच दिसतात.

अभिलेख संगणकावर

पडताळणीसाठीही इंटरनेटचाच उपयोग होतो. छत्तीसगडमध्ये जमिनीचा खसरा आणि बी-वन ‘भुइयां’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. महाराष्ट्रात दस्तनोंदणीसाठी 2002 मध्ये ‘सरिता’ ही संगणकप्रणाली आणि त्यानंतर ‘आय-सरिता’ लागू करण्यात आली. नोंदणीकृत व्यवहाराचा गोषवारा देणारी सूची क्रमांक 2, म्हणजेच ‘इंडेक्स टू’, घरबसल्या शोधता येते. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उताराही मिळू लागला.

‘रेरा’ कायद्याची तरतूद

नव्या गृहप्रकल्पांसाठी 2016 चा स्थावर संपदा (नियमन आणि विकास) कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे अंमलात आला. जमिनीचे क्षेत्र आणि सदनिकांची संख्या यांबाबत कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठ्या प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. मंजूर आराखडे आणि बांधकामाची प्रगती विकासकाला प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर द्यावी लागते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई आहे. जुन्या घराच्या फेरविक्रीला मात्र ही प्रकल्पनोंदणी लागू होत नाही; तिथे कागदपत्रे तपासण्याची जबाबदारी मुख्यतः ग्राहकावरच राहते.

संकेतस्थळावरील आरक्षण, विसार रकमेची पावती किंवा केवळ कुलमुखत्यारपत्र यांमुळे घर नावावर होत नाही. कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीसाठी 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदणीकृत खरेदीखत आजही आवश्यक आहे. त्यामुळे आयुष्यभराची पुंजी गुंतवण्यापूर्वी जाहिरातीतील तपशील सरकारी अभिलेखाशी ताडून पाहणे आणि घर प्रत्यक्ष पाहणे हिताचे ठरते.