तिकिटाच्या पाठीवरचा डिंक

पोस्टाचं तिकीट हा मुळात खाण्याचा पदार्थ आहे, असं माझं फार जुनं मत आहे. पावत्यांवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला एवढं मत बाळगण्याचा हक्क असावा. आमच्या बँकेत काउंटरवर ओला स्पंज असतो, नाही असं नाही. पण तो कायम कॅशियरच्या ताब्यात. बाकीच्यांना देवानं जीभ दिलेली आहे.

आणि इतिहास माझ्या बाजूनं आहे. इंग्लंडात १८४० साली जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट निघालं, 'पेनी ब्लॅक'. त्याच्या पुढच्या अंगाला व्हिक्टोरिया राणी आणि मागच्या अंगाला खळ. त्या खळीत बटाट्याचा स्टार्च होता. म्हणजे इंग्रज माणूस पत्र टाकताना दर खेपेला थोडा बटाटा चाटत होता आणि राणीला पत्ता नव्हता. पुढं तिकिटांना बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक लागू लागला. आता डिंक म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं टपालखातं येत नाही, लाडू येतो. तुपात फुलवलेला, खारीक-खोबऱ्यात बसवलेला. साहेबानं तोच जिन्नस कच्चा, बिनतुपाचा, कागदाला फासला. राज्य टिकलं नाही यात नवल ते काय!

आपल्याकडचा आरंभ तर थेट पापडाचा. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथले कमिशनर बार्टल फ्रियर (पुढं मुंबईचे गव्हर्नर होऊन ज्यांनी कोटाच्या भिंती पाडल्या तेच हे) यांनी १८५२ साली अर्ध्या आण्याचं 'सिंध डाक' काढलं. आशियातलं हे पहिलं तिकीट. त्याचा लाल नमुना म्हणजे लाखेची वाटोळी चकती, वर ठसा. हात लावला की तुकडे! शेवटी लाख सोडून कागदावर यावं लागलं. ती लाल चकती आज फार दुर्मीळ आहे आणि मोडली म्हणूनच तिला भाव आहे. फाटक्या नोटेच्या बाबतीत आम्ही गिऱ्हाईकाला नेमकं उलटं सांगतो.

तर पाठीमागं इतका स्वयंपाक असूनही पुढच्या अंगाला स्वयंपाकघर यायला फार वेळ लागला. २६ जानेवारी १९५५ ला पंचवार्षिक योजनेवरची अठरा तिकिटांची मालिका निघाली. तीत ट्रॅक्टर आहे, धरण आहे, बैलांची मोट आहे. सूत कातणारी बाई आहे, मागावर बसलेली बाई आहे. चूल मात्र कुठंच नाही. बाईनं सूत काढलं तर ते राष्ट्रकार्य आणि भाकरी थापली तर घरचं काम, असा काहीसा हिशेब असावा. २००९ साली मिरी, लवंग, वेलची, दालचिनी तिकिटांवर आली. म्हणजे चूल पेटायच्या आधी मसाल्याचा डबा उघडला.

बाहेरच्या देशांना याबाबत बराच उरक. चीननं २००७ साली डुकराच्या वर्षानिमित्त असं तिकीट काढलं की पुढून खरवडलं तर आंबटगोड डुकराच्या मांसाचा वास आणि मागून चाटलं तर त्याचीच चव. बेल्जियमनं २०१३ साली चॉकलेटच्या चवीचा गोंद लावला. आपण २०१७ च्या एप्रिलात कॉफीच्या वासाचं तिकीट काढलं, किंमत शंभर रुपये. शंभर रुपयांत नुसता वास, ही तारांकित हॉटेलांची पद्धत टपालखात्यानं कुठून उचलली कोण जाणे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मात्र भारतीय खाद्यपदार्थांवर एकदम चोवीस तिकिटं निघाली. सणाचे, प्रांतांचे, नैवेद्याचे आणि लोकप्रिय असे चार गट. इडली-डोसा, लिट्टी-चोखा, दाल-बाटी, हैदराबादी बिर्याणी, मोदक, आणि हो, वडापाव! दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ च्या सुमाराला वडा पावात घातला असं म्हणतात. म्हणजे पन्नाशीतच तो परंपरेत जमा झाला. तिकीट पाच रुपयांचं. त्या भावात मुंबईत दुसरा वडापाव मिळत नव्हता. त्यात पुन्हा बटाटा पुढच्या अंगाला आला, याचं मला विशेष समाधान आहे. १८४० पासून बिचारा राणीच्या मागं उभा होता.

ही तिकिटं मी घेतली आणि मोदकाचं एक लावून कोकणातल्या आत्याला पत्र टाकलं. आत्यानं जन्मभर चुलीवर रांधलं, गॅस आला तेव्हा तिचे डोळे धुरानं अधू झालेले होते. आठवड्यानं फोन आला.

"मोदक पोचला हो. भिंगातून बघितला. पण काय रे, उकड कोणी काढली?"

"आत्या, तिकीट आहे ते."

"तिकीट असेल. उकड कोणीतरी काढली असेलच ना?"

आता याला काय सांगणार? तांदळाची पिठी आधणात पडल्यावर कालथा किती फिरवायचा, झाकण कधी ठेवायचं, चटके सोसत उकड कशी मळायची, हे काही त्या चिमुकल्या कागदावर मावणारं नाही. लिट्टीचंही तेच. सातूचं सारण भरलेला कणकेचा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात लोटायचा, राख झटकायची, तुपात बुडवायचा. त्याच विस्तवात चोख्यासाठी वांगी भाजायची. तिकिटाला पोचते ती नुसती थाळी.

एक साम्य मात्र मी आत्याला सांगितलं. सुरुवातीला इंग्लंडात तिकिटं कात्रीनं कापून घ्यावी लागत. १८५४ पासून कडेनं बारीक भोकं पाडलेली तिकिटं सर्रास मिळू लागली, तेव्हा कुठं ती नीट सुटायला लागली. हेन्री आर्चर नावाच्या गृहस्थाचं ते यंत्र. कडेची ती नक्षी थेट मोदकाच्या कळ्यांसारखी दिसते.

"यंत्रानं पाडल्यात होय," आत्या म्हणाली, "तरीच सगळ्या सारख्या!"