निखारे, झाकण आणि आईची अट

गेले तीन शनिवार मी ग्रिल शोधतोय. कोल्हापुरातल्या आमच्या घराची गच्ची मोकळी आहे, मित्र जमतात, आणि मटणाला आपल्याकडे निमित्त कधी लागलंय? पण आईनं अट घातली : "गच्चीवर काय करायचं ते करा. कोळशाची शेगडी घरात आणलीस तर बघ!" तिची अर्धी जिंदगी बादलीची शेगडी फुंकण्यात गेली. आजीचे डोळे तर चुलीच्या धुरानं कायम लाल असायचे. त्यामुळे वाद घालायची सोयच नव्हती.

मग नेहमीप्रमाणे खरेदी राहिली बाजूला आणि मी शिरलो इतिहासात.

बार्बेक्यू म्हणजे अमेरिकन खूळ, असं मला वाटायचं. शब्द तिकडचाच खरा. कॅरिबियन बेटांवरचे ताईनो लोक लाकडाच्या उंच चौकटीवर मांस-मासे भाजत, तिचं स्पॅनिश लोकांनी केलं बार्बाकोआ. पण सळीवर मांस ओवून भाजणं आपल्याकडे इतकं जुनं, की अमरकोशात त्याला स्वतंत्र शब्द आहे : भटित्र. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त (११३० च्या आसपास) निखाऱ्यांवरचं 'भडित्रक' येतं. त्या वेळी कोल्हापूरवर राज्य होतं शिलाहार गंडरादित्याचं, आणि तो या चालुक्यांचाच मांडलिक. तेव्हा इकडेही कुणीतरी भडित्रक चापलं असणार, असं मी आपलं समजतो. (त्याच ग्रंथात उंदराचीही पाककृती आहे. ती आईला वाचून दाखवली नाही.)

असो. मुद्दा असा, की सळी आणि निखारे एवढंच असेल तर मांसाचे तुकडे बारीक हवेत. चिकन, पनीर, कणीस, वांगी झटपट होतात. पण बोकडाची अख्खी मांडी उघड्या आचेवर ठेवली की बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची. वर चरबी ठिबकली की भडका! आणि गच्चीवरचा वारा? तो तर निखारे मिनिटात पेटवतो, मिनिटात राख करतो.

याच वाऱ्याला वैतागून १९५२ साली शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफननं एक उद्योग केला. तो ज्या कारखान्यात काम करायचा तिथं पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. त्यानं असा गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरचा अर्धा केला झाकण. हवेसाठी भोकं ठेवली. तेच ते वेबरचं किटलीसारखं ग्रिल. झाकणामुळे हवा मोजकी मिळते, भडका उठत नाही. निखारे एका बाजूला सारून मांडी दुसऱ्या बाजूला ठेवली की ती भट्टीत असल्यासारखी सावकाश शिजते.

हे वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. माणूस पत्रे ठोकणारा, अडचण घरची, उपाय कारखान्यातला... हे तर आपलं उद्यमनगर! शेतीपंपांची ऑइल इंजिनं जिथं बनली, तिथं एक झाकण बनणार नाही होय?

गेल्या शनिवारी एका फॅब्रिकेटरकडे गेलो. त्यांनी चित्र बघून एकच विचारलं, "भोकं कमी-जास्त करायची सोय पाहिजे न्हवं?" माणूस जाणकार. जाळीला जी.आय. नको, असं मी सांगायच्या आत तेच म्हणाले : जस्ताचा थर तापला की त्याचा धूर वाईट. स्टेनलेसच्या सळ्या ठरल्या. गॅसवालं ग्रिल मी आधीच बाद केलं होतं. गॅस घरात आहेच की.

आईची अट तेवढी तशीच पाळणार आहे, पाऊस आला तरी. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद खोलीत तो माणसं मारतो. धुराबद्दल तर ती माझ्यापेक्षा जास्त जाणते.

काल रात्री पहिल्यांदा पेटवलं. आई वर आली, वारा कुठून येतोय ते बघितलं, खुर्ची त्या बाजूला ओढली आणि पदराखालून एक वांगं काढलं. "भरताला ठेव. झाकण नको लावूस, सालीला आच लागू दे."