साडेअकरा पौंडांचा जमाखर्च : परदेशी शिकणारे आंबेडकर आणि रुपयाची हुंडणावळ

१/
४ जून १९१३ रोजी बडोद्यात एका करारनाम्यावर सह्या झाल्या. बडोदा संस्थानाने भीमराव रामजी आंबेडकर या बावीस वर्षांच्या पदवीधराला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांचे विद्यावेतन मंजूर केले. त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे बंधन त्यांनी स्वीकारले. आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाकडे बहुधा पदव्यांच्या अंगाने पाहिले जाते. हा धागा त्याच काळाचा जमाखर्च मांडतो.

२/
आधी नाणी समजून घेऊ. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स. १८९० च्या दशकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धाच्या मध्यापर्यंत एका रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपास स्थिर होता, म्हणजे एका पौंडाला १५ रुपये. या हिशेबाने साडेअकरा पौंड म्हणजे १७२ रुपये ८ आणे. भारतात हे चांगले उत्पन्न ठरले असते. पण विद्यावेतनाचे मोल ते कोठून आले यावर ठरत नाही. ते कोठे खर्चायचे यावर ठरते.

३/
१९१३ च्या जुलैमध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. एका पौंडाला सुमारे ४.८६ डॉलर हा त्या वेळचा दर. म्हणजे हातात महिन्याला साधारण ५६ डॉलर. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्यांच्या साध्या जेवणाचा तपशील दिला आहे : एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांस किंवा मासळीची एक बशी, किंमत १ डॉलर १० सेंट. दिवसाकाठी असे एकच जेवण धरले तरी महिन्याचे ३३ डॉलर होतात. उरलेल्या २३ डॉलरांत खोली, कपडे, वह्या-पुस्तके आणि प्रवास भागवायचा.

४/
या २३ डॉलरांना आणखी एक वाटेकरी होता : मुंबईचे घर. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील रामजी यांचे निधन झाले होते. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत रमाबाई आणि बाकीचे कुटुंब राहत होते. विद्यावेतनातून काही रक्कम वाचवून आंबेडकर घरी पाठवत. त्यामुळे या अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी दोन शहरांत एकाच वेळी करावी लागे. घरून पैसे मागवणारा विद्यार्थी आणि घरी पैसे पाठवणारा विद्यार्थी यांची काटकसर बाहेरून सारखीच दिसली, तरी तिचे गणित उलटे असते.

५/
तरीही एका बाबीवर खर्च होत राहिला. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, असे चरित्रकार सांगतात. दुसरी बचत वेळेची. विद्यावेतनाची मुदत ठरलेली होती. म्हणून अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र अशा विषयांचे जास्तीत जास्त वर्ग त्याच मुदतीत बसवले गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध वाचला गेला.

६/
त्यानंतर लंडन. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्याला किती पैसे पुरत, याचा एक जुना दाखला उपलब्ध आहे, आणि तो तुलनेसाठी उपयोगी पडतो. १८८८ ते १८९१ या काळात तेथे शिकलेले मोहनदास गांधी पै पैचा हिशेब लिहून ठेवत असत.

७/
गांधींनी सुरुवातीच्या काही महिन्यांत उंची पोशाख, नृत्याची शिकवणी आणि व्हायोलिन यांवर पैसे घालवले. पुढे भावावर पडणारा भार जाणवून त्यांनी खर्चाला कात्री लावली : आठवड्याला ८ शिलिंग भाड्याची एकच खोली, सकाळी शेगडीवर स्वतः शिजवलेली ओटची लापशी व कोको, रात्री पाव व कोको, आणि गाडीऐवजी रोजची मैलोगणती पायपीट. दिवसाचा खर्च १ शिलिंग ३ पेन्सवर आला. भाडे मिळवले तर महिन्याला चार पौंडांच्या आत. लंडनमध्ये आठवड्याला एका पौंडात राहता येते, असे मार्गदर्शन त्यांनी पुढे भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहूनही ठेवले.

८/
या आकड्यांवरून आंबेडकरांचे साडेअकरा पौंड भरपूर होते, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा ठरेल. दोन मुक्कामांमध्ये पाव शतकाचे अंतर होते आणि मध्ये महायुद्ध सुरू झाले होते. शिवाय १९१७ मध्ये विद्यावेतनाची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकरांना परतावे लागले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने एवढी सवलत मिळाली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन प्रबंधाचे काम पुन्हा सुरू करता येईल. म्हणजे आता पैसा तर जमवायचाच होता, आणि तोही ठरलेल्या तारखेच्या आत.

९/
परतीच्या प्रवासात युद्धाने त्यांच्या सर्वांत मोलाच्या ठेव्यावर घाला घातला. पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट पाणतीराने बुडाली. प्रवासी कंपनीकडून भरपाईदाखल ६०० रुपये मिळाले आणि त्यांतून बडोद्याला जाण्याचा खर्च भागला, असे कीर नोंदवतात. करारानुसार तेथे नोकरी सुरू झाली. मात्र अस्पृश्य म्हणून शहरात राहायला जागा मिळेना. ओळख लपवून ज्या पारशी उतारशाळेत आसरा घेतला होता, तेथूनही हाकलले गेले. काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावे लागले. करारातील दहा वर्षांच्या सेवेची अट अशी जातिव्यवस्थेपुढे कोलमडली.

१०/
नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ४५० रुपये पगाराची प्राध्यापकी मिळाली. चाळीतले राहणे बदलले नाही आणि घरखर्चाची रक्कम बांधलेली राहिली. उरलेला पैसा लंडनसाठी बाजूला पडत गेला. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. त्या बचतीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातले सहनिवासी मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्जाऊ घेतलेले ५००० रुपये जमा झाले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

११/
या वेळचा फरक मोलाचा आहे. १९१३ चे विद्यावेतन पौंडांत ठरलेले होते. रुपयाचे काय होईल ते पाहणे संस्थानाचे काम होते. १९२० ची शिदोरी रुपयांत जमली होती आणि खर्च पौंडांत होणार होता. हुंडणावळीचा, म्हणजे दोन चलनांमधील देवघेवीच्या दराचा, सगळा धोका आता विद्यार्थ्याच्या शिरावर आला. आणि रुपयाच्या इतिहासात त्या दराने कधी नव्हे एवढे हेलकावे खाल्ले ते नेमके याच वर्षी.

१२/
युद्धकाळात चांदी इतकी महागली, की रुपयाच्या नाण्यातील धातूची किंमतच नाण्याच्या दर्शनी किमतीवर जाऊ लागली. सरकारने दर टप्प्याटप्प्याने वाढवला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपयाचा भाव सोन्याच्या हिशेबाने २ शिलिंग ठरवण्याची शिफारस केली. समितीतील एकमेव भारतीय सभासद दादिबा दलाल यांनी त्याविरुद्ध भिन्नमत नोंदवले. फेब्रुवारी १९२० मध्ये बाजारभाव २ शिलिंगांच्या बराच वर होता. तो टिकवण्यासाठी सरकारने लंडनमधील आपली पौंडांची गंगाजळी विकायला काढली आणि मोठा तोटा सोसून सप्टेंबरात तो प्रयत्न सोडून दिला. १९२१ मध्ये रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली आला.

१३/
विद्यार्थ्याच्या खिशात याचा अर्थ काय? ५००० रुपये हीच रक्कम उदाहरणासाठी घेऊ.
रुपया २ शिलिंग असताना : ५०० पौंड.
रुपया १ शिलिंग ४ पेन्स असताना : ३३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स.
रुपया १ शिलिंग ३ पेन्स असताना : ३१२ पौंड १० शिलिंग.
एक दमडीही न खर्चता शिदोरीचा तिसरा हिस्सा नाहीसा! गांधींच्या आठवड्याला एक पौंडाच्या मापाने मोजले, तर साडेतीन वर्षांहून अधिक काळाची बेगमी.

१४/
पण ते माप आता लागूच पडत नव्हते. ब्रिटनमधील राहणीमानाचा खर्च १९२० च्या अखेरीस युद्धपूर्व पातळीच्या अडीचपटीहून अधिक झाला होता. एकीकडे पौंड महागला आणि दुसरीकडे त्या पौंडात येणारा पाव लहान झाला. कीर यांच्या चरित्रातील लंडनचे दिवस या पार्श्वभूमीवर वाचावेत : घरमालकिणीकडून सकाळी मिळणारा पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि चहा, मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दुपारच्या जेवणावाचून दिवसभर वाचन, रात्री एक कप बोव्हरिल आणि ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून.

१५/
हे वर्णन वैराग्याचे चित्र म्हणून सांगितले जाते. जमाखर्चाच्या नजरेने पाहिले तर त्यात एक निवड दिसते. भाडे टाळता येत नव्हते, शुल्क टाळता येत नव्हते, रुपयाचा दर हाती नव्हता. कमी करता येण्याजोगी बाब एकच उरली होती, आणि ती म्हणजे अन्न. १९२१ मध्ये शाहू महाराजांकडे २०० पौंडांचे कर्ज मागण्याची वेळ आली. त्याच वर्षी जूनमध्ये एम.एस्सी. पदरात पडली होती आणि पुढच्या वर्षी बॅरिस्टरीही पूर्ण झाली.

१६/
हुंडणावळीचे चाक उलटेही फिरत होते. याच सुमारास आंबेडकरांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क मिळत. नोव्हेंबर १९२३ पर्यंत तोच आकडा ४.२ लाख कोटींवर गेला. हाती पौंड किंवा डॉलर असलेल्या परक्या विद्यार्थ्याला जर्मनी स्वस्त होत गेला. ज्यांचे पगार, निवृत्तिवेतने आणि बचती मार्कांत होत्या त्या जर्मन कुटुंबांची मात्र राखरांगोळी झाली. नाण्याची किंमत ढासळते तेव्हा बांधलेल्या उत्पन्नावर जगणारा माणूस पहिला मारला जातो.

१७/
आंबेडकरांनी डी.एस्सी.साठी निवडलेला विषय होता ‘रुपयाचा प्रश्न’. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये भारताच्या चलनपद्धतीची, म्हणजे सुवर्ण विनिमय परिमाणाची, भलावण केली होती. आंबेडकरांनी तिच्यावर हल्ला चढवला. परदेशी दर स्थिर राखला म्हणजे देशात रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहते असे नाही, आणि रुपये पाडण्याचा सरकारचा मनमानी अधिकार आवरला पाहिजे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. दर उतरल्याने होणारा लाभ राष्ट्राला बाहेरून मिळत नाही. भाव वाढूनही ज्यांची मजुरी वाढत नाही त्यांच्या खिशातून तो व्यापारी वर्गाकडे जातो, हेही त्यांनी दाखवले.

१८/
या सिद्धांताचा उगम पापड आणि बोव्हरिलमध्ये शोधणे भाबडेपणाचे होईल; प्रबंध उभा आहे तो दप्तरे, अहवाल आणि आकडेवारी यांवर. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. बांधलेली शिदोरी, चढते भाव आणि घसरता रुपया या तिहींच्या कचाट्यात सापडलेला माणूस म्युझियमच्या वाचनालयात बसून नेमके त्याच यंत्राचे भाग सुटे करून पाहत होता.

१९/
परीक्षकांच्या आक्षेपांमुळे प्रबंधात दुरुस्त्या कराव्या लागल्या. तोवर लंडनमधले पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये आंबेडकर मुंबईस परतले आणि दुरुस्त्या तेथेच पूर्ण केल्या. वर्षअखेरीस पदवी मिळाली, आणि कॅनन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इकडे वकिलीची सनद काढायलाही हाती पैसा नव्हता. त्या वेळीही भथेनाच धावून आले.

२०/
परदेशी शिकलेल्या कोणत्याही व्यक्तीचे चरित्र वाचताना, काटकसरीच्या कथांबरोबर तीन प्रश्न विचारून पाहावेत. पैसा कोणाचा होता आणि कोणत्या अटीवर? तो कोणत्या चलनात होता आणि तो दर कोणाच्या हाती होता? त्याच पैशातून घरी कोणाची चूल पेटत होती? आंबेडकरांच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर परळच्या चाळीत आहे. त्या घराचा जमाखर्च रमाबाईंनी सांभाळला. लंडनच्या प्रत्येक पौंडामागे तेथील टंचाईचाही वाटा होता.