चार गुणांचं रसग्रहण

मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए.ची परीक्षा १८६२ साली झाली. उत्तीर्ण झाले चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे डेक्कन कॉलेजात आणि एल्फिन्स्टनमध्येही इंग्रजी शिकवायला विल्यम वर्ड्‌सवर्थ होते, कवी वर्ड्‌सवर्थांचे नातू. त्याच डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, ‘विकारविलसित’ नावाने, विस्तृत प्रस्तावनेसह. शेक्सपिअरवर मराठी माणसाने लिहिलेलं सर्वांत मनापासूनचं उत्तर मला ते वाटतं, आणि ते कुठल्याही परीक्षेसाठी लिहिलेलं नव्हतं.

पालघरजवळचं आमचं माहीम तेव्हा तालुक्याचं गाव होतं. पण कॉलेज म्हटलं की मुंबई नाहीतर पुणं. संतसाहित्याचे अभ्यासक सोनोपंत दांडेकर १८९६ साली इथे केळवे-माहीमला जन्मले आणि नाव झालं ते पुण्यात. आज त्यांच्याच नावाच्या कॉलेजात, पालघरला, आमची मुलं एसटीने जातात.

१९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, पाठोपाठ बारावी आली, आणि जे इंग्रजी साहित्य पूर्वी कॉलेजात गेलेल्या मोजक्यांच्या वाट्याला येई ते पानमळेवाल्यांच्या आणि मच्छीमारांच्या घरांत पोचलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. गाइडंही आलीच. प्राध्यापकांच्या नोट्सची वही हाताने उतरवण्याची पद्धत त्याआधीची, त्यामुळे पाठांतराचा सगळा दोष गाइडांवर टाकणं मला पटत नाही. ज्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, तिथे तयार उत्तर हाच आधार असतो.

मी बारावीची शिकवणी घेते. आताच्या कृतिपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाला चार गुण आहेत: कवी आणि शीर्षक, आशय, भाषा आणि अलंकार, शेवटी स्वतःचं मत. दिलीप चित्र्यांची ‘फादर रिटर्निंग होम’ अभ्यासक्रमात आहे. मराठी कवीने इंग्रजीत लिहिलेली, संध्याकाळच्या लोकलने घरी परतणाऱ्या एकाकी वडिलांची कविता. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. आमच्या कित्येक मुलांचे वडील तिनेच येतात, काही तारापूर एमआयडीसीतून पाळी संपवून. तरी मत म्हणून पंचवीस वह्यांत एकच वाक्य सापडतं: कविता हृदयस्पर्शी आहे.

एका मुलीने मात्र मोडक्या इंग्रजीत लिहिलं की कवितेतल्या मुलांनी वडिलांशी बोलायला हवं होतं, आमचे पप्पा तर गाडीतल्या भांडणांच्या गोष्टी सांगतात. व्याकरणाच्या तीन चुका होत्या. मी पूर्ण गुण दिले.

तेव्हापासून वर्गात चौथा मुद्दा आधी लिहून घेते, गाइड दप्तरात ठेवायला सांगून. अलंकार नंतर गाइडातून पाहिले तरी चालतात.