पत्र्याच्या वर्कशॉपला फोम मारताय? आधी वायरिंग बघा!

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही, म्हणून आतून पीयू स्प्रे फोम मारला जातो. पण हा फोम बाहेरची उष्णता अडवतो, तशीच वायरची उष्णताही कोंडून ठेवतो.

नेमका धोका काय?
आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकानुसार वायर अर्धा मीटर किंवा जास्त लांबीपर्यंत फोममध्ये पूर्ण गाडली गेली, तर तिची क्षमता निम्मी धरतात. म्हणजे २० अँपिअरची वायर १० अँपिअरचीच! २ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर एकटीच साधारण तेवढा करंट खेचते. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतच चालते. त्यापुढे सतत तापली, तर तिचं आवरण खराब होऊन शॉर्टसर्किट होऊ शकतं. पीयू फोमही पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो.

काय करावं?
• वायर शक्यतो फोमच्या बाहेरून, पाइपमधून न्यावी.
• आतून न्यायचीच असेल तर जाड वायर घ्यावी आणि एमसीबी घटलेल्या क्षमतेनुसार बसवावा.
• जंक्शन बॉक्स फोमखाली गाडू नये.
• फोम मारण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासावं आणि वायरिंगचे फोटो काढून ठेवावेत. नंतर दुरुस्तीसाठी फोम कापावा लागतो.